चेहरा पाहून पटलेली ओळख पुरेशी मानू नका

प्रति,
अपघात, आग, पूर, भूकंप किंवा घातपातानंतर मृतांची ओळख पटवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येते ते पोलीस अधिकारी, शवविच्छेदन करणारे डॉक्टर आणि आपत्ती व्यवस्थापनातले सर्व जण यांस

विषय : मृतदेह नातेवाइकांच्या ताब्यात देण्यापूर्वीची पडताळणी

सप्रेम नमस्कार.

मी दंतवैद्य आहे. दाढ भरणं, रूट कॅनॉल करणं, कॅप बसवणं हे माझं रोजचं काम. त्याच्या जोडीला, मृताचे दात आणि त्याचे जुने एक्स-रे शेजारीशेजारी ठेवून ओळख कशी पटवतात याचा अभ्यास मी बरीच वर्षं करते आहे. त्या अभ्यासातून एकच विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. कोणताही मृतदेह केवळ चेहरा, कपडे, दागिने किंवा खिशातलं ओळखपत्र पाहून कुणाच्याही ताब्यात देऊ नका. बोटांचे ठसे, दात आणि डीएनए यांपैकी किमान एकाची खात्री होऊ द्या. ती होईपर्यंत बाहेर ताटकळलेल्या माणसांचा राग सोसावा लागला तरी सोसा.

हे सोपं नाही याची मला जाणीव आहे. शवागाराबाहेर रात्रभर उभी असलेली आई तुम्हाला विचारते, "माझा मुलगा मला ओळखता येणार नाही का?" या प्रश्नाला खरं उत्तर द्यायला मन धजत नाही. पण खरं उत्तर "कदाचित नाही" हेच आहे, आणि ते का, हे तुम्हाला तिला समजावून सांगता आलं पाहिजे.

२००६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एका महाविद्यालयाची व्हॅन आणि ट्रक यांची धडक झाली. पाच जण गेले, काही जखमी झाले. व्हॅनमध्ये दोन विद्यार्थिनी होत्या, दोघींची अंगकाठी सारखी, केसांचा रंगही सारखा. अपघाताच्या जागी सापडलेल्या वस्तूंवरून आणि ओळखीच्या लोकांच्या सांगण्यावरून एक मृत आणि एक जखमी असं ठरलं. झालं होतं नेमकं उलट. एका घराने आपली मुलगी समजून दुसऱ्याच्या मुलीला माती दिली. दुसरं घर सुमारे पाच आठवडे रुग्णालयात परक्या मुलीच्या उशाशी बसून राहिलं. तिच्या चेहऱ्यावर सूज होती, पट्ट्या होत्या, नळ्या होत्या. ती शुद्धीवर येऊ लागली, तिला नाव लिहायला सांगितलं, आणि तिने स्वतःचं खरं नाव लिहिलं तेव्हा सगळा प्रकार उघड झाला.

या घटनेत ती मुलगी जिवंत होती हे लक्षात घ्या. तिचा श्वास चालू होता, अंगात रक्त खेळत होतं, तिला रोज तासन् तास पाहिलं जात होतं, आणि पाहणारे सख्खे आईवडील होते. तरीही पाच आठवडे गेले. मग तीन दिवस पाण्यात राहिलेल्या किंवा आगीत सापडलेल्या देहाचा चेहरा दोन मिनिटं बघून दिलेल्या होकारावर आपण किती भार टाकायचा?

आपण माणूस ओळखतो तो बऱ्याच अंशी त्याच्या हालचालींवरून. डोळ्यांतली नजर, हसताना वाकणारी जिवणी, भुवया उंचावण्याची लकब, केसांची ठेवण हे सगळं मिळून आपल्या मनातला चेहरा बनलेला असतो. मृत्यूनंतर स्नायू सैल पडतात. उताण्या देहाचे गाल कानांकडे ओघळतात, जबडा उघडतो, रक्त खालच्या बाजूला साकळतं आणि कातडीचा रंग बदलतो. उष्ण हवेत दोन-तीन दिवसांत शरीर फुगतं, ओठ आणि पापण्या सुजतात, आणि अगदी वेगळ्या चेहऱ्यांची माणसंसुद्धा एकमेकांसारखी दिसू लागतात. त्यात बघणाऱ्याचं मन ठिकाणावर नसतं. कुणी नीट न बघताच मान डोलावतो, कारण त्याला तिथून बाहेर पडायचं असतं. कुणी आशा सोडायला तयार नसतो म्हणून आपल्याच माणसाला "हा नव्हे" म्हणतो. कुणी बरेच दिवस वणवण करून थकलेला असतो आणि त्याला काहीतरी हाती घेऊन घरी जायचं असतं. यात कुणाचाही दोष नाही. दोष असलाच तर त्या अवस्थेतल्या माणसाकडून सही घेऊन तिला पुरावा म्हणणाऱ्या पद्धतीचा आहे.

१२ ऑक्टोबर २००२ रोजी इंडोनेशियातल्या बालीमध्ये बॉम्बस्फोट झाले, २०२ माणसं गेली. सुरुवातीला नातलग आणि मित्र शवागारात जाऊन देह शोधू लागले आणि पाहून काहींची ओळख पटल्याचंही ठरलं. पुढे दात आणि डीएनए तपासले तेव्हा त्यातल्या बऱ्याच ओळखी चुकीच्या निघाल्या. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथे पाच हजारांहून अधिक बळी गेले आणि त्यात कित्येक देशांचे पर्यटक होते. पहिल्या काही दिवसांत चेहरा पाहून देह दिले गेले. नंतर तर स्थानिक कोण आणि परदेशी कोण हेसुद्धा नुसत्या नजरेने सांगणं अशक्य झालं. मग अनेक देशांची पथकं एकत्र बसली आणि काम शिस्तीत सुरू झालं. परदेशी पर्यटकांच्या बाबतीत आधी सर्वांत जास्त उपयोग झाला तो दातांच्या नोंदींचा. थाई नागरिकांच्या बाबतीत बोटांच्या ठशांची मोठी मदत झाली, कारण ओळखपत्र देताना सरकारने ते घेऊन ठेवलेले होते.

कपडे आणि वस्तूंचं काय, असं तुम्ही विचाराल. त्या जपा, त्यांचे फोटो काढा, त्यांची नोंद करा. शोध कोणत्या दिशेने घ्यायचा हे त्या सांगतात. पण त्या अंगापासून वेगळ्या होऊ शकतात. स्फोटात पाकीट एकाचं उडून दुसऱ्याजवळ पडतं. छावणीत, युद्धात, थंडीत माणसं एकमेकांचे कपडे घालतात. मैत्रिणी एकमेकींच्या कानातले घालून फिरतात. गोंदण त्याहून बरं, कारण ते कातडीतच असतं. पण एकच चित्र शेकडो जणांच्या दंडावर असू शकतं. इंटरपोलची आपत्तीतल्या मृतांच्या ओळखीविषयीची मार्गदर्शिका १९८४ मध्ये पहिल्यांदा निघाली आणि नंतर वेळोवेळी सुधारली गेली. तिच्यात ठसे, दात आणि डीएनए यांना प्राथमिक स्थान आहे, बाकी सगळं दुय्यम, पूरक. ही उतरंड अनेक चुकांमधून शिकून तयार झालेली आहे. परिस्थिती कठीण आहे म्हणून ती उलटी करायची नसते. ती बनवलीच आहे कठीण परिस्थितीसाठी.

आता माझ्या विषयाकडे येते, आणि इथे थोडी रेंगाळणार आहे.

दातावरचं इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्यात सुमारे ९६ टक्के खनिज असतं. देह कुजला, वाळला, जळला तरी दात बहुधा टिकतात. आगीत पुढचे दात आधी तडकतात. दाढांना गाल आणि जीभ यांचा आडोसा मिळतो. असे जळके दात इतके ठिसूळ होतात की देह उचलताना, नेताना त्यांचा चुरा होऊ शकतो. म्हणून जाणकार माणूस देह हलवण्यापूर्वीच त्यांच्यावर चिकट द्रव फवारून ते घट्ट करून घेतो आणि त्याआधी जागच्या जागी फोटो काढतो. हे पाच मिनिटांचं काम आहे. ते राहिलं तर पुढचे पाच महिने हळहळत बसावं लागतं.

मोठ्या माणसाला ३२ दात, आणि आमच्या नोंदीत प्रत्येक दाताच्या पाच बाजू. कुठे चांदीचं फिलिंग, कुठे दातांच्या रंगाचं, कुठे कॅप, कुठे दात काढलेला, कुठे अक्कलदाढ आडवी अडकलेली. पण या तक्त्यापेक्षाही मला एक्स-रे जास्त बोलका वाटतो. फिलिंगची बाह्य कड दोन माणसांत सारखी येत नाही, कारण ती कीड किती खोल गेली होती आणि त्या दिवशी डॉक्टरचा हात कसा फिरला यावर ठरलेली असते. रूट कॅनॉलमध्ये भरलेला पांढरा धागा कुठे वळला, मुळाच्या टोकाच्या किती अलीकडे थांबला, मुळं एकमेकांपासून किती फाकली आहेत, वरच्या दाढांवरच्या हाडातल्या हवेच्या पोकळीचा तळ कुठे खाली उतरला आहे, हे सगळं त्यात दिसतं. मृताचा एक्स-रे जुन्या एक्स-रेच्याच कोनातून घ्यायचा, मग दोन्ही शेजारी ठेवायचे आणि एकेक रेष ताडून बघायची. एकही फिलिंग नसलेल्या तोंडातही मुळांचे आकार आणि भोवतालच्या हाडाची जाळी पुरेशी खूण देऊ शकतात.

तुलनेत फरक निघतातच. ते कसे वाचायचे हे कळणं फार महत्त्वाचं आहे. जुन्या नोंदीत दाढ आहे आणि देहात ती नाही, तर काही बिघडत नाही. मधल्या काळात ती काढली असेल. जुन्या नोंदीत छोटं फिलिंग आहे आणि आता तिथे कॅप आहे, तेही समजण्यासारखं आहे. पण जुन्या नोंदीत दाढ काढलेली आहे आणि देहात ती शाबूत आहे, तर तो माणूस तो नव्हे, किंवा नोंद चुकलेली आहे. काढलेला कायमचा दात पुन्हा उगवत नाही. बाकी तीस गोष्टी जुळत असल्या तरी या एका गोष्टीचा उलगडा झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

नोंदी चुकतात, हेही सांगायला हवं. दातांना क्रमांक देण्याच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. जगात बहुतेक ठिकाणी जी दोन अंकी पद्धत वापरतात तिच्यात १८ म्हणजे वरच्या उजव्या बाजूची अक्कलदाढ. अमेरिकेत १ ते ३२ असे सलग क्रमांक देतात, आणि तिथे १८ म्हणजे खालच्या डाव्या बाजूची दुसरी दाढ. परदेशी पर्यटकाची फाइल हातात घेतल्यावर हा साधा प्रश्न विचारला नाही तर बरोबर देह चुकीचा ठरतो. जुन्या फिल्मवर कोपऱ्यात एक फुगीर ठिपका असतो, सरळ बाजू कोणती ते त्यावरून कळतं; ती फिल्म उलटी धरली तर उजवं-डावं बदलतं. म्हणून दातांची तुलना दंतवैद्याकडूनच, आणि त्यातही या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्याकडून, करून घ्या. दोघांनी स्वतंत्रपणे करावी, हे उत्तम. शिवाय, सोयीसाठी जबडा कापून वेगळा काढण्याची जुनी सवय सोडून द्या. आता हातात धरायची एक्स-रे यंत्रं मिळतात. देह घरच्यांकडे शक्य तितका अखंड गेला पाहिजे.

ही विद्या नवी नाही. १७७५ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात बंकर हिलच्या लढाईत डॉ. जोसेफ वॉरन मारले गेले आणि घाईत पुरले गेले. पुढच्या वर्षी देह उकरला तेव्हा चांदीकाम आणि त्याच्या जोडीला दातांचं काम करणारे पॉल रिव्हियर यांनी स्वतःच्या हाताने तारेने बसवलेला कृत्रिम दात ओळखला. १८९७ मध्ये पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजाराला आग लागून सव्वाशेच्या आसपास माणसं होरपळली. त्यातल्या अनेकांची ओळख त्यांच्या दंतवैद्यांनी पटवली. त्या काळात एक्स-रेचा शोध लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि डीएनएवरून ओळख पटू शकते याचा तर कुणाला पत्ताही नव्हता. आज हाताशी इतकं सगळं असताना आपण पुन्हा चेहऱ्याकडेच वळतो, याचं मला फार वाईट वाटतं.

बोटांच्या ठशांविषयी तुमच्यापैकी पोलीस अधिकाऱ्यांना मी काही शिकवावं असं नाही. पण "बोटं खराब झाली आहेत, ठसे येणार नाहीत" हा शेरा फार लवकर मारला जातो, असं मला वाटतं. बोटांवरच्या रेषा गर्भातच, साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात तयार होतात, आणि त्यांचं मूळ कातडीच्या खोलच्या थरात असतं. पाण्यात राहिलेल्या हाताची वरची कातडी मोज्यासारखी सुटून येते. जाणकार तज्ज्ञ ती अलगद काढतो, धुतो, स्वतःच्या हातमोजा घातलेल्या बोटावर चढवतो आणि आपलंच बोट असल्यासारखा ठसा उमटवतो. वरची कातडी हरवलीच असेल तर खालच्या थरावरही त्याच रेषांची फिकट नक्षी असते. वाळून आक्रसलेली बोटं द्रावणात भिजवून पुन्हा भरीव करता येतात. हे सगळे प्रयत्न करून पाहिल्याशिवाय तो शेरा लिहू नका.

ठशांपुढची खरी अडचण वेगळीच आहे. जुळवायला माणसाचा जुना ठसा कुठेतरी असावा लागतो. तो सरकारी नोंदीत नसला तरी घरात असतो: आरशावर, पुस्तकाच्या पानांवर, काचेच्या पेल्यावर. म्हणून बेपत्ता माणसाची खोली आवरू नका, असं घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगा. त्याचा दात घासायचा ब्रश आणि दाढीचं रेझर धुऊन ठेवू नका म्हणावं. त्यावर डीएनए मिळतो. आणि तो ब्रश नक्की त्याचाच ना, घरात दुसरं कुणी वापरत नव्हतं ना, हेही विचारून घ्या.

डीएनएला हल्ली सगळ्या कुलुपांची किल्ली मानलं जातं. ती फार मोठी ताकद आहे, यात वाद नाही. १९९५ च्या जुलैमध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सामध्ये सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे मारले गेले. गुन्हा लपवण्यासाठी मारेकऱ्यांनी नंतर यंत्रांनी कबरी उकरून देह दुसऱ्या ठिकाणी नेऊन पुरले, त्यामुळे एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या कबरींत विखुरली. तिथे चेहरा तर नव्हताच, अखंड सांगाडेही नव्हते. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बेपत्ता व्यक्ती आयोगाने नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, हाडांचे नमुने तपासले आणि दोन्हींची सांगड घालत जवळपास सात हजार जणांना त्यांची नावं परत मिळवून दिली.

पण डीएनएला मर्यादा आहेत, आणि त्या तुम्हाला माहीत असल्या पाहिजेत. सर्वांत उपयोगी नमुना आईवडिलांचा आणि मुलांचा. भावंडांचा त्याखालोखाल, आणि एकाऐवजी दोघा-तिघांचा मिळाला तर बरं. जोडीदाराचा नमुना मृताशी थेट जुळत नाही. पण मुलांचा आणि त्यांच्या हयात पालकाचा नमुना एकत्र असला की मुलांमधला दुसऱ्या पालकाकडून आलेला वाटा वेगळा काढता येतो. एकाच घरातले दोन भाऊ गेले असतील, तर आईवडिलांच्या डीएनएवरून "हा या दोघांचा मुलगा" एवढंच कळतं. थोरला कोण आणि धाकटा कोण हे दातांवरून, हाडांच्या वयावरून ठरवावं लागतं. जुळ्यांचा डीएनए सारखा असू शकतो, ठसे मात्र वेगळे असतात. विमानात प्रवाशांची यादी असते, तेव्हा ठरावीक नावांतून निवड करायची असते. गर्दीच्या जागी झालेल्या स्फोटात किंवा भूकंपात अशी यादीच नसते. हजारो देह आणि हजारो घरं एकमेकांशी ताडताना योगायोगाने अर्धवट जुळणारे नमुनेही निघतात. तिथे नात्याच्या चाचणीचा जुजबी आकडा पाहून निर्णय करू नये. आणखी एक नाजूक गोष्ट. नात्यांची चाचणी करताना कधीकधी असं काही समोर येतं जे घरात कुणालाच ठाऊक नसतं, उदाहरणार्थ मुलाचे वडील जन्मदाते नाहीत. नमुना घेण्यापूर्वी संमती घ्या, आणि ओळखीला जेवढं लागतं त्यापलीकडचं एक अक्षरही बाहेर जाऊ देऊ नका. शोकात असलेल्या घरावर दुसरा घाव घालण्याचा अधिकार कुणाला नाही.

शास्त्राच्या नावाखाली आंधळा विश्वास ठेवा असंही माझं म्हणणं नाही. ११ मार्च २००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटांनंतर एका पिशवीवर मिळालेला ठसा अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या एका वकिलाचा आहे, असं एफबीआयच्या तज्ज्ञांनी ठामपणे सांगितलं. त्या माणसाला अटक झाली. स्पॅनिश पोलिसांना ते पटलं नव्हतं. त्यांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवून दिलं आणि वकील सुटला. तिथे पहिल्या तज्ज्ञाचं मत पुढच्यांना आधीच माहीत होतं. मृतांच्या बाबतीतही हेच होतं. "घरच्यांनी ओळखलंय, तुम्ही फक्त दात बघून घ्या" असं सांगून कुणी एक्स-रे पुढे ठेवला की बघणाऱ्याची नजर जुळणाऱ्या गोष्टीच शोधू लागते. म्हणून तपासणाऱ्याला घरच्यांचं मत, कपड्यांची माहिती, दुसऱ्या तज्ज्ञाचा निष्कर्ष यांतलं काही आधी सांगू नका. सगळी मतं स्वतंत्रपणे लिहून झाल्यावरच ती एका टेबलावर यावीत, आणि शेवटचा निर्णय एकट्या माणसाने न घेता मंडळाने घ्यावा.

घाई का होते, याबद्दलही मोकळेपणाने बोलू. एक कारण म्हणजे रोगराईची भीती. देह पडून राहिले तर साथ पसरेल, म्हणून लवकर पुरा किंवा जाळा, असं दडपण वरून येतं. पण भूकंपात, पुरात, त्सुनामीत माणसं मार लागून, गुदमरून, बुडून जातात. साथीच्या रोगाने नाही. अशा देहांमुळे साथ पसरत नाही, हे जागतिक आरोग्य संघटना वारंवार सांगत आली आहे. कॉलरा किंवा इबोलासारख्या रोगाने मृत्यू झाला असेल तर गोष्ट वेगळी. पिण्याच्या पाण्याजवळ देह ठेवू नयेत आणि हाताळणाऱ्यांनी हातमोजे घालावेत, एवढी काळजी पुरते. या गैरसमजाची किंमत मोठी असते. हैतीमध्ये जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हजारो देह ओळखीची कसलीही नोंद न घेता सामूहिक खड्ड्यांत टाकले गेले. त्या घरांना आपलं माणूस कुठे आहे हे आता कधीच कळणार नाही.

शीतगृह पुरत नसेल तर तात्पुरतं दफन करा, पण ते पुन्हा काढता येईल असं करा. देह एकाच थरात, एकमेकांपासून अंतर राखून, प्रत्येकाला न पुसणारा क्रमांक, आणि कुठल्या क्रमांकाचा देह कुठे आहे त्याचा नकाशा. पुरण्याआधी फोटो, ठसे, दातांची नोंद, डीएनएचा नमुना घेऊन ठेवा. बेवारस म्हणून अग्निसंस्कार करण्याची घाई तर मुळीच नको. पूर्ण जळलेल्या हाडातून डीएनए मिळण्याची आशा जवळजवळ संपते. चुकीच्या घराने अग्निसंस्कार केला तर दुसऱ्या घराचा शोधही तिथेच थांबतो, आणि तो का थांबला हे त्यांना कधी कळतही नाही. उलट, जपून ठेवलेला नमुना वाट पाहू शकतो. न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ रोजी जागतिक व्यापार केंद्रात २,७५३ माणसं गेली. ढिगाऱ्यातून सुमारे २२ हजार अवशेष निघाले. अजूनही साधारण ४० टक्के मृतांची ओळख पटलेली नाही, पण अवशेष जपलेले असल्याने नव्या पद्धती आल्या की पुन्हा तपासणी होते, आणि दोन दशकं उलटल्यानंतरही एखाद्या घरी खात्रीची बातमी पोचते.

दुसरं कारण म्हणजे नातेवाइकांचा आक्रोश. त्यावर उपाय एकच, त्यांना कामात सामील करून घेणं. देहांच्या रांगांमधून त्यांना फिरवू नका. त्यापेक्षा बसायला जागा द्या आणि एकच प्रशिक्षित माणूस त्यांच्याशी बोलू द्या, दर वेळी नवा नको. इंटरपोलच्या पद्धतीत बेपत्ता माणसाची माहिती पिवळ्या अर्जावर आणि देहाची माहिती गुलाबी अर्जावर लिहितात. त्या पिवळ्या अर्जातले प्रश्न शांतपणे विचारा. कुठलं ऑपरेशन झालं होतं का? हाडात धातूची पट्टी किंवा कृत्रिम सांधा बसवला होता का? त्यावर निर्मात्याचा क्रमांक असतो आणि रुग्णालयाच्या नोंदीत तो सापडू शकतो. दंतवैद्य कोण होता, कधी गेला होता, हसतानाचा जवळून काढलेला फोटो आहे का? पुढच्या दातांची ठेवण अशा फोटोंतही दिसते. आणि थांबायला का सांगतो आहोत, आज काय झालं, उद्या काय होणार, हे दररोज ठरलेल्या वेळी सांगा. "आज नवीन काही नाही" हेही सांगा. माणसं उशीर सोसतात. आपल्याला कुणी काही सांगत नाही, हे सोसत नाहीत.

एखाद्याने तरीही देह बघायचाच आग्रह धरला तर ओळख पटल्यानंतर बघू द्या, आधी मनाची तयारी करून. निरोप घेण्याचा तो त्यांचा हक्क आहे. फक्त त्या निरोपावर तुमच्या कागदाचा भार टाकू नका.

माझ्या व्यवसायबंधूंच्या वतीने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्यातल्या अनेकांच्या नोंदी तुटक असतात, एक्स-रे रुग्णाला देऊन टाकलेले असतात, जुन्या फाइली जागेअभावी फेकल्या जातात. यावर आम्ही आमच्या संघटनांमध्ये बोलतो आहोत आणि बोलत राहू. तुम्ही एवढं करा: तुमच्या भागातल्या प्रशिक्षित दंतवैद्यांची, ठसेतज्ज्ञांची आणि डीएनए प्रयोगशाळांची यादी आपत्ती येण्याआधी तयार ठेवा, वर्षातून एकदा आम्हाला बोलावून सराव करा, आणि कुणी बेपत्ता झाल्याची तक्रार आली की पहिल्या आठवड्यातच त्याच्या दंतवैद्याकडे फाइल मागा. आम्ही ती त्याच दिवशी देऊ. सोबत आमचा क्रमांक लिहिण्याचा प्रकार कोणता आणि एक्स-रे कधीचे, हेही लिहून देऊ.

कळावे,

आपली नम्र,
एक दंतवैद्य